रापणीतला वाटा

सहदेव बोटीतून मालवण बंदरात उतरला तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं होतं, आता परत मुंबईला जायचं नाही. पण हे कुणाला सांगितलं होतं का त्याने? छे! घरी आत्या कृष्णाबाईने दारातच विचारलं, "किती दिस रवतलंस रे?" तर हा म्हणाला, "बघूया." एवढा शिकलेला माणूस, पण तोंड उघडायच्या वेळी नेमकी दातखीळ बसायची.

साल एकोणीसशे पासष्ट. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर आला होता. खोलीभर पसरलेलं धूड, त्याला चोवीस तास थंडगार हवा लागायची आणि सोवळं तर देव्हाऱ्याहून कडक. सहदेव त्याच्यासाठी प्रोग्राम लिहायचा. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकराचा पोर शिष्यवृत्त्या मिळवत तिथवर पोचला, ही काही लहान गोष्ट नव्हे. गावात मात्र त्याच्याबद्दल "मशिनीत आसा" यापलीकडे कुणाला सांगता येत नसे, आणि मुंबईत त्याला "काय रे, जेवलंस?" असं विचारणारं कुणी नव्हतं. पावसाळ्यात ताप येऊन तो खोलीत पडून राहिला, तर शेजारच्या बिऱ्हाडाला पत्तासुद्धा नाही. बाप तर आदल्या वर्षीच गेलेला. एकटेपणा कसा असतो म्हणाल, तर तापात पाण्याचा तांब्या हाताला लागत नाही आणि हाक मारायला नाव आठवत नाही, तसा असतो.

त्यात हा घोळ झाला. एका बंदरासाठी भरती-ओहोटीचं कोष्टक करायचं काम सहदेवकडे होतं. नोंदी ढिगाने यायच्या, किती येतील ते आधी देवालाही ठाऊक नाही. आणि ज्या फोरट्रान भाषेत तो लिहायचा तिचा हट्ट असा, की नोंदींना यंत्रात जागा किती लागेल ते सुरुवातीलाच सांगा. सहदेवने युक्ती केली. एक मोठी जागा आधीच अडवून ठेवली आणि तिची वाटणी करणारा एक भाग स्वतः लिहिला. नोंद आली की त्याच्याकडे जागा मागायची, काम संपलं की परत द्यायची. झकास चाललं. पण एके दिवशी जागा संपली. अशा वेळी त्या भागाने "जागा नाही" म्हणून ओरडायला हवं होतं की नाही? तो ओरडला नाही. सहदेवने लिहून ठेवल्याप्रमाणे त्याने आत बसलेल्या एका जुन्या नोंदीची जागा काढून नव्या नोंदीला दिली. लिहिताना त्याला वाटलं होतं, मागणाऱ्याला परत कसं पाठवायचं? जुनी नोंद गेली, नवी तिच्यावर बसली, आणि यंत्राने कुरकुर न करता सुबक रकाने छापून दिले. सगळे चुकीचे! छापलेली कोष्टकं बंदरावरून परत मागवावी लागली.

संस्थेतले साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते म्हणाले, "अहो, 'जागा नाही' एवढं सांगून तुमचा प्रोग्राम बंद पडला असता तरी चाललं असतं. तुम्ही नाही म्हणायला का घाबरलात?"  सहदेवने रजा टाकली आणि बोट पकडली.

घरी आत्याने त्याच्यासाठी नवी चटई काढली. चहाबरोबर बाजारातून मुद्दाम आणलेला पाव दिला. विहिरीवर पाणी काढायला गेला तर हातातली कळशी काढून घेतली. "तू बस रे, तुका खंय जमतलां आता ह्यां?" सहदेव बसला. दोन दिवस तो आपल्याच घरात नुसता बसून होता, आणि त्याला ते बिलकूल आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली. होडी जाळं घेऊन समुद्रात वळसा घालून आली होती, आणि जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढायचे होते. सहदेवने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माणसांत शिरून दोर धरला. पुढे दोर ओढणारा धोंडू हसला, "इलो बघ मुंबयकार!" हसू दे. सहदेवने असा दोर ओढला की तळहात सोलवटून निघाले. किती तरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. आपली जागा हीच, त्याने ठरवूनच टाकलं.

जाळं आलं, पण मासळी बेताचीच. बांगडे, थोडे तारले, एक सरंगा. पूर्वी सहदेवचा बाप करायचा ते वाटणीचं काम आता म्हातारा बाबली करत होता. वाळूवर बारके बारके ढीग लागले. एवढ्यात वाडीतली गोदूबाई धापा टाकत आली आणि वाळूत पडलेल्या दोराच्या टोकाला तिने नुसता हात लावला.  बाबलीने प्रत्येक ढिगातून एकेक बांगडा उचलला आणि तिचा ढीग लावला. दोराला हात लागला की वाटा, ही रापणीची रीत.

सहदेव डोळे फाडून बघतच राहिला. अरे, हेच तर आपण लिहिलं होतं! कोणी आलं की भरलेल्यांतून काढून द्यायचं, नाही म्हणायचं नाही. ढिगातला एक बांगडा गेला तरी ढीग ढीगच राहतो. पण यंत्रात एका जागी एकच आकडा मावतो, तो गेला की गेलाच. त्याला हसू फुटलं.

"बाबलीकाका, माझ्या मशिनीतलो घोळ तो ह्योच! तुमचीच रीत मी थंय लिवलंय!"

"होय रे झिला," बाबली मायेने म्हणाला. त्याला काहीएक कळलं नव्हतं. बाकीच्यांनाही नाही. सहदेवचं हसू जागच्या जागी विरलं.

बाबलीने एकेकाचं नाव घेऊन ढीग दाखवले. सगळी नावं झाली. सहदेव उभाच. मग बाबलीने तो सरंगा उचलून त्याच्या हातात ठेवला. "ह्यो तुका. पावण्याक बांगडे कसे देवचे?"

लोक कौतुकाने बघत होते. आजच्या मासळीतला सर्वांत चांगला मासा सहदेवच्या हातात होता आणि त्याला रडू येत होतं.

"काका," तो म्हणाला, "माका वाटो व्हयो."

बाबली दचकला. त्याने सहदेवचे तळहात पाहिले. "तुझ्या बापाशीची जागा ही. दोराक हात लायलंस, मगे नाय कसां म्हणतलंय?" तो वाकला, एका ढिगातून एक बांगडा घेतला, दुसऱ्यातून एक घेतला आणि गोदूबाईच्या ढिगाकडे हात नेला.   गोदूबाईसकट सगळे आपापल्या बारक्या ढिगाकडे बघत होते.

"नको काका," सहदेव म्हणाला. "रवांदे. पावणोच आसंय मी."

"खरां मा?"

"खरां."

"मगे बोट कधी?"

"फाल्यां," सहदेवने उद्याचं सांगून टाकलं. तिकीट त्याने काढलेलंच नव्हतं.

बाबलीने मोठा श्वास सोडला, हातातले बांगडे जिथले तिथे टाकले आणि ढीग पुन्हा नीट केले.