बिनकडीचं दार

नवी मुलगी आमच्या चौथीच्या वर्गात येऊन तीन आठवडे झाले होते. ती दूर देशाहून आली होती. आपली भाषा तिला येत होती, पण ओल्या फरशीवरून चालावं तशी ती जपून बोलायची.

शाळा सुटली की तिची आई वर्गाच्या दारात यायची. दप्तर घेण्याआधी पाण्याची बाटली उचलून हातावर तोलायची. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तेवढीच जड असायची.

"बाई," एका सोमवारी ती म्हणाली, "दिवसभर पाणी पीत नाही, म्हणून हिला लघवीला जळजळ होते. दोनदा ताप येऊन गेला. शुक्रवारपर्यंत बघते. नाहीतर शाळा बंद करून घरीच ठेवते."

घोडं कुठे पेंड खातंय ते माझ्या लक्षात आलं. पोर शौचालयात जातच नव्हती, मग पाणी कशी पिणार? मुलींच्या शौचालयाच्या कड्या खिळखिळ्या झाल्या होत्या. कुणी दार उघडेल म्हणून घाबरत असेल, असं मला वाटलं. मी सुतारकाकांकडून शेवटच्या दाराला जाडजूड कडी बसवून घेतली.

"आता हत्ती आला तरी दार उघडायचं नाही," काका म्हणाले.

मंगळवारी बाटली भरलेली. बुधवारीही भरलेलीच.

आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असं मी मुलांना जन्मभर सांगत आले. आणि इथे मीच प्रश्न न वाचता उत्तर लिहून मोकळी झाले होते! बुधवारी शाळा सुटल्यावर, आई यायच्या आत, तिला शेजारी बसवून विचारलं.

"कडीची भीती वाटते," ती म्हणाली.

"कडी निघेल म्हणून?"

"नाही. कडी आहे म्हणून. मी आत पडले तर मला कोण काढणार? आमच्याकडे कड्या नसतातच."

"अगं, मग आत कुणी आहे हे कळतं कसं?"

"आतलं माणूस गुणगुणतं. ऐकू आलं की बाहेरचं माणूस मागे फिरतं." तिने मान खाली घातली. "इथे दाराखाली वीतभर फट आहे. पाय दिसतात. आणि बाहेरून ओरडतात, 'कोण आहे गं आत?' तिथे बसून आपलं नाव सांगायचं? मी गुणगुणले तर सगळ्या हसल्या."

ती फट आम्ही मुद्दाम ठेवली होती, आत कुणाला भोवळ आली तर दिसावं म्हणून. तिच्या देशातल्या माणसांनी त्याच काळजीपोटी कडी ठेवली नव्हती. आणि बाकीचं सगळं, आब, लाज, सगळं, एका बारीकशा सुरावर सोपवून ती माणसं निर्धास्त बसत होती! एवढं वय झालं, पण हे कधी माझ्या मनातही आलं नव्हतं.

गुरुवारी सुतारकाका डोकं खाजवत उभे. "बाई, परवा बसवली ती आज काढू? आयुष्यभर कड्या बसवल्या, काढायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

कुरकुरत का होईना, त्यांनी कडी काढली आणि फटीवर फळी ठोकली.

शुक्रवारी सकाळी मी वर्गाला शेवटच्या दाराचा नियम सांगितला: आतलीने गुणगुणायचं, ऐकू आलं की बाहेरचीने थांबायचं. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'वादळ' म्हणत. तिने आजवर एकही दार हाताने उघडलं नसेल, पायानेच उघडायची. ती उठून म्हणाली, "बाई, माझा आवाज फाटका आहे."

"मग तर कुणी जवळपासही फिरकणार नाही."

सगळा वर्ग हसला. नवी मुलगी हसली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "त्या खरंच थांबतील?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू?

ती जागेवर गेली. बाटली उघडून ती घटाघट पाणी प्यायली.

मधल्या सुट्टीत ती त्या दाराआड गेली. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. जवळ जायचं नाही असं ठरवलं होतं. मी पहारा दिला असता, तर मीच कडी झाले असते.

आणि वादळ आलं. धावत, वेणी सुटलेली, मागे चारजणी. तिचा पाय उचललेला मी पाहिला.

आतून सूर आला. इतका बारीक, की सुईत ओवता आला असता.

वादळाचा पाय हवेतच थांबला. मग अलगद खाली आला. तिने दाराकडे पाठ केली, दोन्ही हात पसरले आणि ती मागच्या चौघींकडे बघून ओठांवर बोट ठेवायला गेली, तर हात पसरलेले, म्हणून नुसतेच डोळे वटारले. सगळ्या गप्प झाल्या. व्हरांडाभर तेवढा एकच सूर ऐकू येत होता. एरवी इथे मला शिट्टी फुंकूनही शांतता मिळत नाही.

ते दार बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण तसं घट्ट बंद दार मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आई आली. सवयीने तिने बाटली उचलली, आणि हात एकदम वर गेला, कारण तिला वजनच नव्हतं. तिने झाकण काढून बाटली उलटी केली. एक थेंब फरशीवर पडला.

तिने झाकण परत घट्ट लावलं.

"बाई," ती म्हणाली, "सोमवारपासून मोठी बाटली देते."