बिनआवाजाची सायकल

कुरकुंभच्या कंपनीत, कॅन्टीनच्या टेबलावर बसून मी घरात चालवायच्या सायकलींचे दोनशे चौदा रिव्ह्यू वाचले. एकाने लिहिलं होतं, सायकल उत्तम आहे, बायको तिच्यावर कपडे वाळत घालते. पाच तारे.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, चैत्रात लकवा मारला. त्याच्या चार महिने आधी आई गेली होती. डावा पाय ओढायला लागला. शिरूरच्या फिजिओथेरपीवाल्या सुषमा मॅडम म्हणाल्या, पायात जीव आहे, पण तीन महिन्यांत हलता केला नाही तर मग असाच राहील. न्हावऱ्याहून रोज एसटीने येणं आप्पांना झेपणारं नव्हतं. तेव्हा घरीच सायकल घ्या, म्हणाल्या, एका जागी उभी राहणारी.

आप्पांना त्या सायकलची दया आली. मेंढरं विकेपर्यंत हा माणूस दर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरायचा आणि कोकण पायाखाली घालून परत यायचा. एका जागी उभं राहणारं काहीही त्यांना आजारीच वाटायचं.

दौंडच्या दुकानात विनोदशेठने तीन प्रकार दाखवले. एक जिममधली, पुढं वाकून चालवायची. तिच्यावरून आप्पा थेट फरशीवर गेले असते. दुसरं म्हणजे खुर्चीसमोर ठेवायचे नुसते पायडल. ते आप्पांच्या आधीच दुकानभर चालत सुटले. तिसरी पाठीला टेकू असलेली, चुंबकावर चालणारी. आप्पांनी ती मेंढा पारखावा तशी पारखली. कण्यावरून हात फिरवला, पायडल उचलून खूर बघितला. दात बघायचे राहिले, कारण तोंड सापडलं नाही.

मग म्हणाले, दोन द्या.

विनोदशेठचा चेहरा उजळला. मी आप्पांना समजावलं की बसणारा माणूस एकच आहे.

"एकलं जनावर घरी नेऊ नये," आप्पा म्हणाले. "झुरतं."

आमच्यात हे खरंच पाळतात. कळपातून एकच मेंढी विकत आणली तर ती चारा सोडते, म्हणून आणायच्या तर दोन. विनोदशेठ म्हणाला, काकांच्या बोलण्यात तथ्य आहे, दुसऱ्या सायकलवर दहा टक्के सूट देतो. मी एकच घेतली. आवाज अजिबात येत नाही हे दाखवायला त्याने दुकानातले पंखेसुद्धा बंद केले. आम्ही सगळे घाम पुसत शांतता ऐकत उभे राहिलो.

घरी आप्पा बसायचे, चार-पाच फेरे मारायचे, मान वळवून मागं बघायचे आणि थांबायचे. रोज हेच. मी सायकलचं तोंड भिंतीकडे केलं, टीव्हीकडे केलं, शेवटी गोठ्याकडे केलं. गाय मन लावून बघत होती. आप्पा मागंच बघत होते. असा महिना गेला. मग एके दिवशी ते इतके वळले की खालीच आले. कोपर सोललं.

मी मलम लावत होतो. आप्पा जमिनीवर बसूनच म्हणाले, "तुझी आई मागं असायची."

कळपाच्या पुढं आप्पा आणि सगळ्यात मागं आई, सोबत घोडं, घोड्यावर सगळा संसार. भांड्यांची खडखड येत राहायची, त्यामुळे आप्पांना मागं बघावंच लागायचं नाही. खडखड थांबली की आप्पा थांबायचे. मेंढी व्यालेली असायची, नाहीतर ओझं घसरलेलं असायचं. एकदा मी झालो होतो. आता मागून काहीच ऐकू येत नाही, म्हणून पाय थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन सायकली त्यांनी उगाच मागितल्या नव्हत्या.

मी दौंडला गेलो आणि विनोदशेठला म्हणालो, सगळ्यात जास्त आवाज करणारी दाखवा. त्याला वाटलं मी भांडायला आलोय. गोडाऊनमध्ये गिऱ्हाइकाने परत केलेली एक होती. तिच्या चाकाला पट्टी घासायची आणि विहिरीचा रहाट रडावा तशी ती रडायची. तो तेलाची बाटली घेऊन धावला. मी त्याचा हात धरला.

"अहो, माझ्या दुकानाचं नाव जाईल," तो म्हणाला. खरंच दुखावला होता.

ती मी आप्पांच्या मागं, सहा-सात फुटांवर ठेवली. ड्युटीवरून आलो की तिच्यावर बसायचो. किर्र-खट, किर्र-खट. शेजारच्यांनी लग्नाची वरात परवडली असं कळवलं. आप्पा मात्र पाच मिनिटं चालवायला लागले, मग दहा, मग वीस. मागं बघणं बंद झालं. एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, आप्पा, मागं मी हाय, सुरज.

"तू हायस ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "पायाला ठावं न्हाई. त्याला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. पण आठवडा दोन आठवडे मलाही पाठीमागे कोणी असल्यासारखं वाटायचं, आणि माझ्यामागं तर नुसती भिंत होती.

तीन महिने भरायच्या आत सुषमा मॅडमनी पाय तपासला. म्हणाल्या, आता सायकल पुरे, यांना रस्त्यावर पायी चालवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उसाच्या कडेच्या रस्त्याला लागलो. आप्पा काठी घेऊन पुढं, मी मागं. पाय चांगला पडत होता. शंभरेक पावलं गेले आणि उभे राहिले. या खेपेला पूर्ण वळले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या रस्त्याकडे बघितलं. तो न्हावऱ्यापर्यंत मोकळा होता.

"तू व्हय म्होरं," ते म्हणाले. "मी येतो मागनं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या पुढं चाललो. मागून काठीची टकटक आणि चपलेची फरफट येत होती. ती थांबली की मी थांबायचो, सुरू झाली की निघायचो. कॅनॉलपर्यंत तीन वेळा थांबलो. मागं वळून बघितलं नाही. तिथं, आईच्या जागेवर, आप्पांचं जे काय चाललं होतं, ते त्यांना एकट्याला करू दिलं.