हिरवा ठिपका

“ज्योतीराम, नळी हलवलीस ना? बघ, रक्तावर निथळलेलं सिरम गुलाबी झालंय.”

ताथवड्याच्या प्रयोगशाळेत संशोधक आम्रपालीचा आवाज चढला. नवा तंत्रज्ञ ज्योतीराम मान खाली घालून उभा राहिला.

बाकावरच्या शालनबाई हातावरची चिकटपट्टी चाचपत म्हणाल्या, “त्याला नको बोलू. मीच हलवली.”

“तुम्ही, मावशी? कधी?”

“चिकटपट्टी आणायला वळला, तेव्हा नळी माझ्याकडं धरायला दिली. कानाशी नेऊन हलवली जोरात. सवय गं.”

चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वायरी तपासल्या होत्या. प्रत्येक जोड ओढायचा, कानाशी हलवायचा. खडखडला तर लाल डब्यात, नाहीतर हिरवा ठिपका. त्यांचा ठिपका पडलेला माल कधी परत आला नाही. मग आमवातानं बोटं वाकली, काम सुटलं. वाती मात्र सुटल्या नाहीत. रोज पहाटे एकवीस वळून दिवा लावल्याशिवाय त्या पाणीही घेत नसत. रक्त उपाशीपोटी द्यायचंय म्हटल्यावर त्या हसल्याच होत्या.

मोशीत त्यांच्या शेजारीच वाढलेल्या आम्रपालीनं समजावलं होतं, “पेशींमध्ये मायक्रोआरएनए म्हणून इवल्या चिठ्ठ्या असतात, मावशी. कुठलं काम कधी थांबवायचं ते सांगतात. त्यांचं बिनसलं की शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं.”

“म्हणजे लाइन थांबवणारा सुपरवायझरच बिघडला म्हण की.”

त्या चिठ्ठ्या रक्तात वेळेवर वाचता आल्या, तर बोटं वाकण्याआधीच रोग ओळखता येईल, अशी आम्रपालीला आशा होती; त्यासाठीच ती शालनबाईंचं रक्त तपासत होती. शालनबाईंची लेक पिंकी आता चाकणला त्याच लाइनवर कामाला होती. सकाळी तिची बोटं आखडायची.

“राहू द्या,” आम्रपाली मऊ झाली. “तीनदा टोचल्यावर शीर सापडली तुमची. हलवल्यानं तांबड्या पेशी फुटल्यात, त्यांच्या चिठ्ठ्या यात मिसळल्यात. तशी टीप लिहिते. चालून जाईल.”

“मिसळल्या, मग वाचणार काय तू?” शालनबाईंनी दुसरी बाही वर सारली. “लाल डब्यात टाक. असला माल मी पास करत न्हाई.”

ज्योतीरामनं दोनदा टोचलं. भरलेली नळी अलगद स्टँडवर ठेवली. “आता नाही देणार धरायला,” तो म्हणाला. शालनबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

तासाभरानं सिरम गव्हाच्या काडीसारखं पिवळं निघालं.

“हिरवा पेन हाय का?”

आम्रपालीनं दिला. वाकल्या बोटांत तो बसेना. शालनबाईंनी तो मुठीत धरला आणि नंबराला धक्का न लावता नळीवरच्या लेबलच्या कोपऱ्यात टेकवला.

ठिपका जरा मोठा पडला. पण गोल.