दिवाळीआधीची पंचमी

शरदिनीला तिचा चुलतभाऊ श्रीनिवास 'नकारघंटा' म्हणायचा. म्हणेना का! तिचं कामच ते होतं. नोएडाच्या कंपनीत ती दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची आणि सुट्टीत माहेरी, बनारसच्या रामघाटावर आली की श्रीनिवासच्या. हात धुऊन मागे लागायची बिचाऱ्याच्या.

या वेळचा त्याचा प्रोग्रॅम घरच्याच कामाचा होता. श्रीनिवासचे वडील वेणीमाधवकाका पुरोहित, त्यांचे यजमान गावोगाव पसरलेले. कुणाच्या आईचं श्राद्ध कधी, वडिलांचं कधी, सगळं काकांना तोंडपाठ. पण गेल्या वर्षी एका यजमानाला कळवायचं राहून गेलं आणि काकांनी ते फार मनाला लावून घेतलं. म्हणून हा खटाटोप. मृत्यूची तिथी भरायची, यंत्र यंदाची तारीख काढणार आणि वेळेआधी यजमानाच्या मोबाइलवर निरोप धाडणार. यापुढे सगळी भिस्त त्याच्यावर.

शरदिनीने डोळ्यांत तेल घालून तपासलं. आजीची तिथी, आजोबांची, घरातल्या आठवतील तेवढ्या साऱ्या. अधिक महिना घालून पाहिला, क्षयतिथी घालून पाहिली. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही. जन्मात पहिल्यांदा ती श्रीनिवासला म्हणाली, "कर चालू."

सकाळी पूजा झाली. चार यजमान जमले होते, काकूंनी सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. पहिला मान जौनपूरच्या मिश्राजींचा. निवृत्त शिक्षक, काकांकडे येऊन येऊन म्हातारे झालेले. त्यांनी आईची तिथी सांगितली, कार्तिक कृष्ण पंचमी. शरदिनीने ती भरली आणि पडद्यावर तारीख उमटली. मिश्राजी पेढा हातातच धरून पडद्याकडे बघत बसले.

"बिटिया, ये तो दिवाली के बाद की तारीख है," ते हळूच म्हणाले. "अम्मा तो करवा चौथ के दूसरे दिन गई थीं."

शरदिनीला चूक तिथल्या तिथे कळली. करवा चौथ दिवाळीच्या आधी येते, हे बनारसमध्ये वाढलेल्या बाईला कुणी सांगायला हवं का? घरातला मराठी महिना अमावास्येला संपतो, उंबऱ्याबाहेरचा हिंदी महिना पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात दोन्हीकडे महिना वेगळा. दिवाळीची अमावास्या घरात आश्विनातली, गल्लीत कार्तिकातली. लहानपणापासून ती घरात एक आणि गल्लीत दुसरं बोलत आली होती, आणि तपासायला मात्र साऱ्या तिथ्या घरातल्याच घेतल्या. प्रोग्रॅमने मिश्राजींच्या अम्मांना महिनाभर पुढे ढकललं होतं.

"बाबांनी सांगितलं तसंच केलंय मी," श्रीनिवास पुटपुटला.

काका ओशाळले. "यजमान कुठला ते बघून मी मनातल्या मनात बदलून घेतो रे. ते सांगावं लागतं, हे सुचलंच नाही मला."

हे सगळं मराठीत चाललेलं. मिश्राजींना त्यातलं काही कळलं नाही, ते आपल्याच विचारात बुडाले होते.

"कंप्यूटर है, हिसाब तो ठीक ही करेगा," ते काकांना म्हणाले. "तो पंडितजी, हम इतने बरस गलत दिन पिंड देते रहे? हमारी अम्मा भूखी रहीं?"

"ताई, पाच मिनिटांची दुरुस्ती आहे," श्रीनिवास तिच्या कानाशी लागला. "तारीख बदलून दाखवतो. चारचौघांत नाचक्की नको. उद्या कोण विश्वास ठेवेल आपल्यावर?"

खरंच होतं त्याचं. उद्या कुणी विश्वास ठेवला नसता, आणि काकांना पुन्हा सारं डोक्यात सांभाळावं लागलं असतं. पण तारीख गुपचूप बदलली तरी म्हाताऱ्याच्या मनात शिरलेला किडा कुठला निघायला! शरदिनीला श्रीनिवासचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"बंद कर ते," ती म्हणाली. खुर्ची सोडून ती मिश्राजींसमोर खाली सतरंजीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"बाबूजी, आपका दिन सही है. गलती मशीन की है, और मशीन को पास मैंने किया था."

मिश्राजी पुढे वाकले. "तो अम्मा...?"

"एक भी साल भूखी नहीं रहीं, बाबूजी."

त्यांनी गमछ्याने डोळे पुसले आणि हातातला पेढा तोंडात टाकला.