डाव्या बाजूचा ब्रेक

अमरावतीत मोतीराम काळमेघ म्हटलं तर चार लोक विचारतील, कोण बाप्पा? पण लाल गाडीवाले मोतीभाऊ म्हटलं की पानठेल्यावरचा माणूसही घरापर्यंत आणून सोडेल. धामणगाव रेल्वेला त्यांची जिनिंग, राहणं अमरावतीत, वय अठ्ठावन्न, पोट पुढे अन् केस मागे. मात्र त्या गाडीत बसले की मोतीभाऊ पंचविशीत जायचे. कंपनीचं नाव मी सांगत नाही, फुकटची जाहिरात कायले करायची? दिसायला साधी चार दारांची सेडान, पण बॉनेटखाली टर्बो. ॲक्सिलरेटरवर नुसता अंगठा टेकवला तरी पाठ सीटला चिकटायची. बडनेरा ते अकोला बावन्न मिनिटं, हा त्यांचा विक्रम होता आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरून चहा पिऊन कोणी सुटलेलं मला तरी ठाऊक नाही.

गाडी कागदोपत्री बायकोच्या नावावर होती. घेताना कोणीतरी म्हटलं होतं, घरच्या लक्ष्मीच्या नावानं घ्या, लाभते. म्हणून पौर्णिमाबाईंनी सह्या केल्या. रंग, गाडी, वेग, सगळं मोतीभाऊंनी निवडलं. सही तेवढी बाईंची.

आता चौदा वर्षं झाली होती. गाडी थकली होती, सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि कागदांची मुदतही संपत आली होती. तिच्या जागी दुसरी घेणं भाग होतं. तीन महिने मोतीभाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. कोणती गाडी शून्यावरून शंभरावर किती सेकंदात जाते, हे त्यांना नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ झालं. मुलगी आचल पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, आता उंच, आरामशीर गाडी घ्या ना, आईले बसाले बरी." मोतीभाऊ म्हणाले, "तुह्या मायले कोणतीबी गाडी लागतेच. तिच्यासाठी सरकारनं एसटी ठेवली आहे."

हा त्यांचा जुना विनोद. पौर्णिमाबाईंना गाडी लागायची, म्हणजे मळमळायचं. पाच वर्षांपासून त्या लाल गाडीनं गावाबाहेर जात नव्हत्या. माहेर तेल्हाऱ्याचं, तिकडे जायचं तर एसटीनं, अकोल्याला गाडी बदलून. मोतीभाऊ चार माणसांत म्हणायचे, "माही लाल हिले चालत नाही, सरकारची लाल पाह्यजे." माणसं हसायची. मग ते मूर्तिजापूरचा किस्सा काढायचे. एकदा एका मोठ्या गाडीवाल्यानं त्यांना ओलांडलं, तेव्हा मोतीभाऊंनी त्याला गाठून मागे टाकलं आणि बोरगावपर्यंत पुढे येऊ दिलं नाही. त्या धावपळीत बाईंना उलटी झाली. "पण शाबास हिची! सगळी पदरात घेतली, सीटले एक थेंब लागू देला नाही!" हे ते कौतुकानं सांगायचे, देवाशपथ कौतुकानं. पौर्णिमाबाई चहाचे कप गोळा करत हसायच्या. कोणी विचारलंच, वहिनी, थांबवायला नाही सांगितलं का, तर म्हणायच्या, "मी कुठं काई म्हटलं?"

गाडी निवडायची तर अकोल्याच्या शफी मिस्त्रीशिवाय मोतीभाऊंचं पान हलत नसे. लाल गाडी चौदा वर्षं जगवली ती शफीभाईंनी. मेकॅनिक पुष्कळ, पण शफीभाईंची रीत वेगळी. जुनी गाडी पाहायला गेले की बॉनेट शेवटी उघडायचे. आधी दार उघडून खाली वाकायचे आणि पायाकडची रबरं पाहायचे. ब्रेकचं, क्लचचं, ॲक्सिलरेटरचं. मग मॅट उचलून खालचा गालिचा.

लाल गाडी विकायच्या दिवशी सकाळी तसंच झालं. जठारपेठेत एक काळी सेडान पाहिली. मीटरवर चाळीस हजार. शफीभाई वाकले, अंगठ्यानं ब्रेकचं रबर चाचपलं आणि उठून हात झटकले.

"चला भाऊ. लाखाच्या वर धावेल आहे."

"मीटर तं चाळीस सांगते."

"मीटर फिरवता येते. रबर कोण फिरवते? माणूस जिथं पाय ठेवते ना भाऊ, तिथं झूट नाही चालत."

दुसरी गाडी चंदेरी होती, एका डॉक्टरची. हिचं रबर आणि मीटर एकच बोलत होतं. शफीभाईंनी लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरली, डोळे मिटले आणि मान डोलावली. मोतीभाऊंनी एक चक्कर मारली. ही लालपेक्षाही सरस निघाली. बायपासवर काटा कुठे गेला ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. उतरले तेव्हा गालांवर लाली होती. "संध्याकाळी इसार देतो," ते डॉक्टरांना म्हणाले. "आधी दुपारी माही जुनी मोकळी करतो."

जुनीचं गिऱ्हाईक चार वाजता गॅरेजवर येणार होतं. सहीसाठी पौर्णिमाबाई अमरावतीहून एसटीनं आल्या होत्या. सही करून तशाच पुढे तेल्हाऱ्याला बहिणीकडे जाणार होत्या. गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून त्या चहा पीत होत्या. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी धुऊन पुसून ठेवावी म्हणून शफीभाईंनी मॅट काढायला घेतल्या. उजवीकडची काढली. मग डावीकडची ओढली आणि तिथेच उकिडवे बसून राहिले.

"भाऊ, हिकडं या जरा."

मोतीभाऊ गेले. डावीकडच्या मॅटला मधोमध भोक पडलं होतं, टाच मावेल एवढं. तिच्याखाली गालिचा झिजून दोरे निघाले होते आणि दोऱ्यांतून पत्रा चमकत होता. बाकीचा गालिचा जसाच्या तसा. शफीभाईंनी उठून पलीकडे जाऊन मोतीभाऊंच्या ब्रेकचं रबर पाहिलं, परत आले, पुन्हा त्या भोकाकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना खरोखरच गंमत वाटली.

"या अल्ला! भाऊ, तुमच्या ब्रेकचं रबर अजून नवं आन् हिकडचा गालिचा फाटला! चौदा साल गाडीले ब्रेक तं वहिनीच मारत होत्या!"

मोतीभाऊही हसले. सवयीनं हसले आणि हसत हसतच बायकोकडे पाहिलं, हा नवा किस्सा आता पदरात पडला म्हणून. पौर्णिमाबाई हसत नव्हत्या. त्यांनी उजवा पाय चपलेसकट साडीच्या घोळात आत ओढून घेतला होता, चोरी पकडली जावी तसा. कप हातात तसाच होता.

मोतीभाऊंचं हसू तोंडावरच वाळलं. माणूस जिथं पाय ठेवते, तिथं झूट नाही चालत. सकाळी हेच ऐकून त्यांनी मान डोलावली होती. त्यांना त्या भोकाकडे पाहवेना आणि नजर तर तिथून निघेना. एवढा पत्रा उघडा पडायला किती वेळा पाय दाबला असेल? दरवेळी ट्रक आडवा आला, दरवेळी त्यांनी एखाद्याला ओलांडलं, दरवेळी ते शेजारी बसून शीळ घालत होते, तेव्हा ही बाई हाताच्या अंतरावर, नसलेला ब्रेक दाबत होती. मान खाली गेली शरमेनं. शफीभाईंसमोर, गॅरेजसमोर, अन् सगळ्यात जास्त त्या स्टुलासमोर.

सही झाली. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं. चौदा वर्षांची गाडी कोपऱ्यावर वळली तरी मोतीभाऊंनी मान वर करून पाहिलं नाही. शफीभाई समजले ते गाडीच्या दुःखानं, म्हणून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. त्यानं तर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोची पिशवी घेऊन ते बसस्टँडपर्यंत चालत गेले. तेल्हाऱ्याची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "पौर्णिमा, तुले भेव लागे?"

"लागे."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं ना. पयल्याच महिन्यात. तुमी हसले, अन् घरी आल्यावर तुमच्या भावाईले सांगून त्याईलेबी हसवलं." बाईंच्या आवाजात राग नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. "मंग मी म्हटलं, गाडी लागते. लागते म्हटलं का लोक आयकतात. भेव लागते म्हटलं का हसतात."

 मोतीभाऊंना आणखी एक गोष्ट आठवली. पाच वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याला सासूबाई, पार्बताबाई, अत्यवस्थ झाल्या. सकाळी फोन आला. मोतीभाऊंनी किल्ली उचलली, "चल, दीड घंट्यात पोचवतो." पौर्णिमाबाई म्हणाल्या, मले लागते, मी एसटीनं येते, तुमी व्हा पुढे. आणि खरंच पिशवी उचलून स्टँडवर गेल्या. साडेचार तासांनी पोचल्या. पार्बताबाई अर्ध्या तासापूर्वी गेल्या होत्या; शेवटपर्यंत लेकीचं नाव घेत होत्या. आणि मोतीभाऊंनी भरल्या अंगणात, सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हटलं होतं, "माह्या गाडीत बसली असती तं मायची भेट झाली असती. जिद्दी बाई आहे." बायका बाईंकडे पाहत राहिल्या होत्या. भेवही तिचंच, अन् दोष आला तोही तिच्याच वाट्याला.

"अन् मायच्या टायमाले?" त्यांनी विचारलं. विचारताना वर पाहण्याची हिंमत झाली नाही.

बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"त्या दिवशी तुमी सगळ्याईत जोरानं हाकली असती," त्या म्हणाल्या. "म्या इचार केला, माही माय तं जाऊनच राहिली. आचल बारावीत होती. तिची माय तं राह्यली पाह्यजे."

तेल्हाऱ्याची गाडी लागली. बाई पिशवी घेऊन चढल्या, खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "डब्यात भाकर आहे, गरम करून खाजा." धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात, ते मोतीभाऊंना त्या दिवशी कळलं. डॉक्टरांना त्यांनी फोन केला आणि चंदेरी गाडी नको म्हणून सांगितलं. 

दसऱ्याला नवी गाडी आली. उंच, चौकोनी, पांढरी. टर्बो नाही, काही नाही. दार एवढं मोठं की साडी न आवरता बसता येईल. मित्र म्हणाले, मोतीभाऊ, हे काय, दुधाची गाडी घेतली का? मोतीभाऊंनी ऐकून घेतलं. ऐकून घेतल्याचं त्यांना थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. आपण केवढं सोडलं, हे मनात कुठेतरी मोजत होतेच. चाकाखालचं लिंबू फुटलं, बाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि मोतीभाऊंना वाटलं, फिटलं एकदाचं.

दिवाळी झाल्यावर ते म्हणाले, "चाल, तेल्हाऱ्याले जाऊ. साठच्या वर नेत नाही. शब्द देतो."

बाईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं, मग हो म्हणाल्या. पाच वर्षांनी नवऱ्यासोबत माहेरी निघाल्या. नवी चिक्कू रंगाची साडी नेसल्या, बहिणीसाठी डबा घेतला. मोतीभाऊंनी शब्द पाळला. बडनेरा गेलं, काटा साठावर. माल भरलेले ट्रक त्यांना ओलांडून गेले, एका ऑटोनंही हॉर्न देऊन ओलांडलं. मोतीभाऊ हू की चू करेनात. मूर्तिजापूरच्या पुढे त्यांनी आचलला फोन लावायला सांगितला, "सांग तिले, बाबा बैलगाडी हाकून राहिले." बाई फोनवर हसल्या. खरं हसल्या. मोतीभाऊंचं मन भरून आलं.

पुढे, चांगला लांब, कापसाचा ट्रॅक्टर चालला होता. मोतीभाऊंनी पाय उचलला, वेग पन्नासावर आला, आणि सहज म्हणून त्यांनी डावीकडे खाली पाहिलं.

बाईंचा चेहरा शांत होता. हात मांडीवर होते, खिडकीबाहेरच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहत त्या बहिणीच्या घराबद्दल काहीतरी सांगत होत्या. आणि उजवा पाय नव्या कोऱ्या मॅटवर घट्ट रोवलेला होता. चपलेतली बोटं वाकलेली, पोटरी ताठ. ट्रॅक्टर जवळ येत गेला तसा तो पाय आणखी खाली दबत गेला.

मोतीभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. हात स्टिअरिंगवरच राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"काहून थांबले?" बाईंनी विचारलं. "काय झालं? गाडीले काई झालं का?"

 मोतीभाऊंनी फक्त खाली पाहिलं. त्यांची नजर जिथे गेली तिथे बाईंनीही पाहिलं. स्वतःचाच पाय पाहून त्या दचकल्या; त्यांनाही तो आत्ताच दिसला होता. घाईघाईनं त्यांनी तो साडीत ओढून घेतला, पदरानं मॅट पुसल्यासारखं केलं आणि समजूत घालावी तशा हळूच म्हणाल्या,

"चला ना. मी कुठं काई म्हटलं?"