बिनदुधाचा पाव

बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्या ताटातलं दूध काढून घेतलं. दूध, दही, लोणी, चीज, सगळंच. मी खाल्लेलं अंगावरच्या दुधातून बाळाच्या पोटात जातं आणि त्याला ते सोसत नाही, असं त्या म्हणाल्या. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणे. माझं तर ताकही गेलं.

उरला पाव. तो घरचाच, कारण खाली सासऱ्यांची बेकरी आणि वर आम्ही. त्यांनी खास माझ्यासाठी रोज वेगळा बिनदुधाचा पाव भाजायला घेतला. "हा सूनबाईंचा, विकायचा नाही," असं गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायचेही.

तरी रक्त थांबेना. "आणखी आठवडाभर बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर अंगावरचं बंद आणि डब्यातली खास पावडर सुरू." मला पाजायचं होतं. पिताना बाळ माझं बोट मुठीत धरून ठेवतं. ती मूठ सोडवायची माझी तयारी नव्हती.

म्हणजे कुठून तरी दूध माझ्या पोटात जातच होतं; घरात चोर होता. सासूबाईंचा संशय माझ्यावर. "मांजर डोळे मिटून दूध पितं," असं त्या भिंतीला सांगायच्या. माझा त्यांच्यावर, कारण "दूध प्यायल्याशिवाय आईला दूध येईल कसं?" हे त्यांचंच म्हणणं. त्या माझा पेला हुंगायच्या, मी त्यांची पातेली. नवरा मधे बसून मुकाट जेवायचा.

माझ्या पावात सासूबाई काही मिसळतात का, हे बघायला एका सकाळी मी बेकरीत शिरले आणि पिठाच्या पोत्यांमागे दडले. तिथे सासूबाई आधीच बसल्या होत्या.

"मला वाटलं, तू इथं येऊन केक हाणतेस," त्या कुजबुजल्या.

भांडायला वेळच मिळाला नाही. सासऱ्यांनी भट्टीत सारण्याआधी माझा पाव पुढे ओढला, वाटीत ब्रश बुडवला आणि पावाच्या डोक्यावरून मायेनं फिरवला.

"अहो, काय लावताय?" सासूबाई उठूनच ओरडल्या.

"दूध. चकाकी येते."

"बिनदुधाचा ना हा पाव?"

"बिनदुधाचाच! पिठात थेंब नाही. हे नुसतं वरून. पॉलिशला कुणी लाकूड म्हणतं का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला हसू फुटलं, पण सासरे पोत्यावर मटकन बसले होते. "म्हणजे मीच त्याला..." मला त्यांचा रागही आला होता, तो तिथेच विरला. सासूबाईंनी वाटी मोरीत पालथी केली.

आठवडा सरला तेव्हा शी स्वच्छ होती. "पाजत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी त्यांच्यासमोरच रडले.

बाळाला घेऊन मी आणि सासूबाई घरी आलो तर दारात सासरे. हातात फडक्याखाली झाकलेला पाव, चोरीचा माल असावा तसा.

"असा निस्तेज पाव माझ्या भट्टीतून कधी बाहेर पडला नाही गं," ते म्हणाले. "नुसता पाण्याचा हात फिरवला वरून तर चालेल?"

मी बाळाला पदराखाली घेतलं. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"फिरवा. पण आम्हा दोघींसमोर."