लेकीचं दुकान

हवेतली ओल ओढणाऱ्या यंत्राची टाकी भरली आणि ते टुंटुं करू लागलं. मी धावत जाऊन बटण दाबलं. आतल्या खोलीत माझा नवरा वाई-कुओंग झोपला होता. रात्रभर टेबलामागे उभं राहून पत्ते वाटून आलेला माणूस; एकदा जागा झाला की पुन्हा झोप लागत नाही त्याला. तो नुसता कुशीवर वळला. मी टाकी मोरीत रिकामी केली. मार्चमध्ये आमच्या मकाऊत भिंतींना घाम फुटतो, डब्यातली बिस्किटंसुद्धा मऊ पडतात आणि घरात कितीही पुसलं तरी पायाखाली चिकचिक राहते.

परत येऊन स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलापाशी बसले. पडद्यावर वाक्य अर्धं राहिलं होतं: तुमच्याकडे सोळा आहेत आणि वाटणाऱ्यासमोर दहा, तर...

ब्लॅकजॅकमधला हा सगळ्यात वाईट डाव. माझी लेक लाम-लाम पोटात राहीपर्यंत मीही कॅसिनोत हेच टेबल सांभाळत होते, त्यामुळे सोळा हातात आलेल्या माणसाचा चेहरा मला झोपेतसुद्धा दिसतो. एकवीसच्या पुढे गेलं की मेलं, म्हणून पत्ता घ्यायला भीती वाटते. थांबलं तरी बहुतेक हरणंच. पत्ता घेतला तर किंचित कमी वेळा हरणं. ते 'किंचित' लोकांना नीट समजावून सांगणं हे आता माझं काम होतं. कोणत्या आकड्यावर थांबायचं, कधी पत्ता घ्यायचा, आठांची जोडी का फोडायची, याचा एक रंगीत तक्ता मी बनवला होता. हिरवा म्हणजे घ्या, लाल म्हणजे थांबा. लाम-लामला मऊ भात भरवावा तशी, घास लहान करून, मी ती पानं लिहिली होती.

पान माझं, पण संकेतस्थळ फोक साहेबांचं. ते मनिलात बसतात, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पानाच्या खाली एक दुवा असतो. वाचणारा तिथून फोनवरच्या कॅसिनोत शिरला, खेळला आणि हरला, की त्याच्या हरण्यातला एक हिस्सा साहेबांना आणि त्यातला काही मला. जिंकला तर मला काही नाही. हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, लपवाछपवी नव्हती. मी स्वतःला समजावलं होतं की मी लोकांना कमी हरायला शिकवते. शिवाय आमच्या गावात जुगार टेबलावर चालतो, फोनवर चालू देत नाहीत. तेव्हा माझे वाचक कुठेतरी लांबचे, समुद्रापलीकडचे, असंच मी धरून चालले होते.

त्या दुपारी साहेबांचा फोन आला. मी बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं: पानाच्या शेवटी लिहू का, की तक्ता तंतोतंत पाळला तरी माणूस शेवटी हळूहळू हरतोच? वाटलं होतं चिडतील. ते हसले.

"लिहा की. मोठ्या अक्षरात लिहा," म्हणाले. "खरं सांगणाऱ्यावर माणूस विसंबतो, ताई. चुकीचा तक्ता दिला तर आठवड्यात हरून पळून जातात. तुमचे वाचक पळत नाहीत. हळू हरतात, आणि हरले की म्हणतात, माझंच पाठांतर कच्चं होतं."

खाली गल्लीत कुणीतरी ओल्या गाद्या काठीने बडवत होतं. साहेब खुशीत होते. म्हणाले, या महिन्यात तुमचा हिस्सा चांगला वाढलाय, आणि गंमत म्हणजे तुमच्याच गावातून माणसं यायला लागलीत. चार जणी दिसतात. चौघी एकाच दुपारी आल्या, कुणीतरी बोटाला धरून आणल्यासारख्या. त्यातली एक तर भारी चिवट आहे. शाळा सुटायच्या वेळेला बसते, ती दिवेलागणीपर्यंत उठत नाही.

शाळा सुटायच्या वेळेला माझी आई लाम-लामला शाळेतून आपल्या घरी नेते. मला लिहायला तेवढेच तास मिळतात.

मी वाई-कुओंगला उठवलं नाही. चपला पायात सरकवल्या आणि निघाले.

आईचं घर इआओ होन वस्तीतल्या जुन्या चाळवजा इमारतीत, वरच्या मजल्यावर. वडील गेल्यापासून रोज दुपारी तिच्याकडे माहजाँगचा अड्डा भरतो आणि सोंगट्या घुसळल्याचा खडखडाट जिन्याच्या तळापासून ऐकू येतो. शेजारी भांडायला येतात इतका. त्या दिवशी मी एकेक मजला चढत गेले आणि वरून काहीच ऐकू येईना. वाटलं, कुणी आजारी असेल. मग वाटलं, आजारी असलेलं बरं.

दार नुसतं लोटलेलं होतं. माहजाँगचं टेबल जागेवर होतं, वर सोंगट्यांच्या पेटीला फडकं गुंडाळलेलं. चारी बाजूंना चौघी नेहमीच्याच जागी बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात फोन, प्रत्येकीची मान खाली. टेबलाच्या मधोमध माझा तक्ता. झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या कियू-मावशीने तो रंगीत छापून, वर प्लास्टिक चढवून आणला होता. आईच्या मांडीवर लाम-लाम, आणि फोन लाम-लामच्या हातात.

"अगबाई, मालकीणबाई आल्या," कियू-मावशी मान वर करून म्हणाली. "उठा गं, खुर्ची द्या. दुकानाची मालकीण आहे."

बाकीच्या हसल्या. लान-मावशीने मला काळ्या तिळाच्या खिरीची वाटी पुढे केली. मी उभीच राहिले. विचारलं, हे काय चाललंय.

तिघी मावश्या एकदम सांगू लागल्या, म्हणून समजायला वेळ लागला. आईने त्यांना सांगितलं होतं की आ-यिंगने, म्हणजे मी, फोनवर दुकान काढलंय आणि तिच्या दारातून आत जाईल त्याच्यामागे तिला पैसे मिळतात. मग आपल्या माणसाच्या दुकानात जायचं नाही तर कुठे जायचं? लान-मावशीच्या भाच्याने शेवयांची खानावळ काढली, तेव्हा या चौघी महिनाभर रोज तिथे जेवत होत्या. शेवया पिठूळ होत्या, पण कुणी तोंड वाकडं केलं नाही. आमच्यात असंच असतं. नव्या दुकानाबाहेर फुलांच्या कमानी लावतात आणि घरचे लोक गरज असो नसो, खरेदी करतात. मी दुकान काढलं आणि कुणाला बोलावलं नाही, याचाच त्यांना थोडा राग होता.

"तू तर फुलं लावायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस," लान-मावशी म्हणाली. "मग आम्ही म्हटलं, खेळूनच येऊ. आणि काय गं, तुझा तक्ता बरोबर आहे ना? मी अक्षर न् अक्षर पाळते, तरी माझं खातं रोडावतंच आहे."

"तुझं ध्यान नसतं," कियू-मावशी म्हणाली. "बारावर पत्ता घेतलास काल. वाटणारीसमोर पाच असताना. मास्तरीणबाई काय म्हणतात वाचलं नाहीस?"

"तूच ओरडलीस घे घे म्हणून."

"मी दुधाला ओरडले. दूध उतू जात होतं."

मी म्हटलं, मावशी, तक्ता बरोबर आहे. बरोबर असूनही तुम्ही हराल. आणि तुम्ही आत गेलात म्हणून मला पैसे मिळत नाहीत. तुम्ही हरलात की मिळतात.

कियू-मावशीच्या हातातला फोन टेबलावर उपडा झाला. मग लान-मावशीने हळूच विचारलं, "म्हणजे माझं गेलं ते तुझ्याकडे आलं?"

"त्यातलं थोडं. बाकीचं वर."

"वर कुठे?"

मला ते धड माहीत नव्हतं. मनिलाला, म्हटलं. तिथून पुढे आणखी कुठे जातं ते मलाही ठाऊक नाही.

आता तिघींनी आईकडे पाहिलं. ती मात्र माझ्याकडे बघत नव्हती. लाम-लामच्या वेणीचा सुटलेला रबर नीट बसवत होती, बोटांनी चाचपत. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्षभरापासून तिला माणसाच्या तोंडाभोवती धुकं दिसतं. तिचं ते चाचपणं बघून माझ्या लक्षात आलं, की ती दचकलेली नाही.

"आई, तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"कियूच्या मुलाने सांगितलं मला. पहिल्याच आठवड्यात."

"आणि आम्हाला नाही सांगितलंस," कियू-मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. चाळीस वर्षांची मैत्री होती त्यांची. एकत्र फटाक्यांच्या कारखान्यात कामाला होत्या, एकमेकींची बाळंतपणं केलेली. ती उठली, तक्ता उचलून पिशवीत टाकू लागली, मग विचार बदलून तो टेबलावरच ठेवला आणि छत्री शोधू लागली. लान-मावशी तिच्यामागून. तिसरी कधी गेली ते मला कळलंच नाही. लान-मावशी दारात थांबून मला एवढंच म्हणाली, की खीर संपव, फुकट घालवू नकोस.

जिन्यात त्यांच्या चपला खाली खाली जात राहिल्या.

मी आईसमोर बसले. काय काय बोलायचं ठरवून आले होते. तिने मला बोलू दिलं नाही.

"ओरडू नकोस, पोर आहे इथे," म्हणाली. "मी रोज माहजाँगमध्ये हरत होतेच की. ते त्या कियूच्या घशात जायचं. आता लेकीच्या जातंय. नातीच्या शाळेला लागतंय. तू काय माझ्या हातून घेतलं असतंस? गेल्या वर्षी मी पैशांचं पाकीट दिलं तर सोफ्याखाली सरकवून गेलीस."

"दहा गेले तर माझ्याकडे दीड येतो, आई. साडेआठ परके खातात."

"दीड तर आला."

"असं नसतं गं."

"मग कसं असतं? तू लिहितेस, मी खेळते. तू दुपारची एकटी बसून डोळे फोडतेस, मला काय दिसत नाही? तुझ्या पानावर कुणी आलंच नाही, तर तू रडशील. मी ओळखते तुला."

डोळे म्हटल्यावर मला आठवलं. तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी वडिलांच्या विम्यातले पैसे वेगळे ठेवलेले होते. सरकारी रांग लांब होती, म्हणून उन्हाळ्यात सीमेपलीकडे चुहाईला जाऊन करून घ्यायचं ठरलं होतं. गेल्या महिन्यात ती म्हणाली, घाई काय, वादळांचे दिवस जाऊ देत. मी बरं म्हटलं होतं आणि लिहायला बसले होते.

"ऑपरेशनचे पैसे आहेत ना?"

तिने लाम-लामला मांडीवरून उतरवलं. वाटी उचलली, खाली ठेवली.

"एका डोळ्याचे आहेत," ती म्हणाली. "एकाने काय दिसत नाही का?"

आणि हसली. खरोखरच तिला ते विनोदी वाटलं असावं. मी हात पुढे केला, तिने फोन मुकाट्याने दिला. मी खातं बंद करायला लागले. पाच वेळा विचारलं त्या फोनवरच्या कॅसिनोने, नक्की का, नक्की का, शेवटी एक भेट देऊ केली, राहा म्हणून. तो मजकूर ओळखीचा होता. माणसाला थांबवून धरायची ती लाघवी भाषा माझीच होती. गेल्या पावसाळ्यात साहेबांनी मागितली होती म्हणून मी लिहून दिली होती, लाम-लाम तापात झोपली असताना, तिच्या कपाळावर एक हात ठेवून.

खातं बंद झालं. आई म्हणाली, बरं, झालं तुझं समाधान? उद्या नवीन उघडता येतं, कियूचा मुलगा सांगत होता. मी म्हटलं, मी पान काढून टाकायला सांगते. पण पान फोक साहेबांचं होतं. मी लिहिणं सोडलं तरी ते तिथेच राहणार, माझ्याच शब्दांत लोकांना बोलावत. आईला ते माझ्या तोंडावर दिसलं नसणार, तिला तेवढं दिसतच नाही. पण तिने माझा हात थोपटला. उद्यापासून मी लाम-लामला स्वतः शाळेतून आणेन, असं मी तिला सांगितलं. तिने थोपटणारा हात काढून घेतला. तेवढं मात्र तिला लागलं.

जिना उतरताना लाम-लामने माझा हात धरला होता. तिची बोटं तिळाने चिकट झाली होती. मी विचारलं, रोज पोपो-आजीच्या फोनवर काय करायचीस तू? ती अभिमानाने म्हणाली, पोपोला आकडे दिसत नाहीत ना, म्हणून मी वाचून दाखवायचे. आपले किती, समोरच्याचा कितीचा. मग पोपो तक्त्यातलं सांगायची आणि मी बोट लावायचे. पोपोला सगळा तक्ता पाठ आहे, आई, तुझा.

आम्ही मधल्या मजल्यावर पोचलो. इथे भिंतीतून पाणी झिरपतं, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून मी तिला कडेवर घ्यायला वाकले. ती माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजली. पोपोला सांगायचं नाही, म्हणाली.

"पोपो म्हणाली होती, हरलं की आईला मिळतं. म्हणून कधी कधी सतरा असले, तक्त्यात लाल, तरी मी तेरा सांगायचे. मग पोपो पत्ता घ्यायची आणि आपण हरायचो." ती मागे सरली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "मी बरोबर केलं ना, आई?"